समुद्राची वेळ पाळायला शिकवा

मुलुंडमधल्या एका मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं आहे: 'दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही महासागर दिन साजरा करतो. भित्तीपत्रकं होतात, घोषवाक्यं होतात, एकदा जुहूला सफाई मोहीमही केली. पण आठवड्याभरात मुलं सगळं विसरतात. मुंबईत राहून समुद्राशी त्यांचा काही संबंधच नाही. वर्गातली निम्मी मुलं शाकाहारी घरांतली आहेत, शाळेकडे पैसे नाहीत. मुलांना आणि पालकांना समुद्र आपला वाटावा यासाठी नेमकं काय करायचं?'

बाई, गेली अठरा वर्षं मी मुंबईत आणि कोकणात मुलांना, शिक्षकांना, कधी सोसायटीतल्या आजी-आजोबांना घेऊन किनाऱ्यावर फिरते आहे. तुमचा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

आधी जून महिना बाजूला ठेवू या. ८ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आहे आणि तो जगासाठी ठीकच आहे. आपल्याकडे मात्र १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, समुद्र खवळलेला असतो, खडकांवर पाय ठेवायची सोय नसते. ज्या दिवसांत पाण्याजवळ जाऊ नये असं कोळीवाड्यातलं लहान पोरही सांगेल, नेमक्या त्याच दिवसांत आपण मुलांना समुद्राची ओळख करून द्यायला निघतो. मग ती ओळख कागदावरच राहते. तुम्ही नारळी पौर्णिमेला सुरुवात करा आणि खरं काम ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत करा.

सफाई मोहिमेबद्दल मला जे सांगायचं आहे ते माझ्याच चुकीतून आलेलं आहे. चौदा वर्षांपूर्वी एका शाळेतल्या शंभरावर मुलांना घेऊन आम्ही चौपाटीवर गेलो होतो. हातमोजे, टोप्या, पोती, सगळी तयारी होती. दोन तासांत पोत्यांचा ढीग लागला. शेवटी कचऱ्याची वर्गवारी करायला एक पोतं ओतलं, तर त्यात वाळूच्या रंगाच्या, शर्टाच्या कॉलरसारख्या वळलेल्या, रबरी दिसणाऱ्या कितीतरी चकत्या निघाल्या. मुलांनी त्या रबराचे तुकडे समजून वेचल्या होत्या. ती मून स्नेल नावाच्या समुद्री गोगलगायीची अंडी होती. मादी अंडी चिकट द्रवात आणि वाळूत घोळवते, आपल्या शंखाभोवती पट्टी गुंडाळावी तशी ती कॉलर घडवते आणि ओल्या वाळूवर सोडून जाते. एकेका कॉलरीत हजारो अंडी असतात. समुद्र वाचवायला म्हणून गेलेले आम्ही त्याची अंडीच पोत्यात भरून बसलो होतो. उचलण्याआधी मुलांना किनाऱ्यावर काय असतं हे मी एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं.

परतताना बसमध्ये मुलांना विचारलं, आज काय काय पाहिलंत? बाटल्या, चपला, पिशव्या, घाण. एकाही मुलानं एकाही जिवाचं नाव घेतलं नाही. समुद्र म्हणजे नाक दाबून उभं राहायची जागा, एवढंच ती मुलं घरी घेऊन गेली. त्या दिवसापासून मी कुठल्याही गटाला पहिल्या भेटीत सफाईला नेलेलं नाही.

सफाई वाईट असं मी म्हणत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेलं काम सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली. पण तिथली माणसं आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं त्याच वाळूवर येत राहिली. त्यांना ती वाळू पाठ झाली होती. एका दिवसाच्या मोहिमेला ते साधत नाही. तुमच्या मुलांना द्यायचं आहे ते हे येत राहणं.

येत राहायचं तर आधी कधी यायचं ते कळायला हवं. म्हणून माझा पहिला धडा नेहमी वेळेचा असतो. मुंबईतली मुलं लोकलची वेळ सांगतील, क्लासची सांगतील, पण या क्षणी भरती आहे की ओहोटी हे शंभरातल्या दोघांनाही सांगता येत नाही. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत या शहराच्या कडेला पाणी चार-साडेचार मीटर, म्हणजे जवळजवळ दीड मजला, दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि आपल्या गावीही नसतं!

ही वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोकणात आणि कोळीवाड्यांत एक जुना तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा-सव्वासहा तास पुढे-मागे गेलं की पूर्ण ओहोटी, सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे तिथीमागे ४८ मिनिटं धरली तर हिशेब आणखी नेमका येतो. जुन्या मापात बरोबर दोन घटका. पाऊणकीचा पाढा म्हणजे काय हे मुलांना आता माहीत नसतं, गणिताच्या तासालाही ते कामाला येईल. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत भरती आणखी थोडी उशिरा पोचते. म्हणून प्रत्यक्ष निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील किंवा ऑनलाइन कोष्टक बघाच. पण मुलांच्या डोक्यात बसावा तो हा तोंडी हिशेब.

तुमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत संकष्टी पाळत असतील. रात्री चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायचा असतो. मुलांना सांगा, मुंबईत चंद्र उगवतो तेव्हा साधारण ओहोटी असते आणि चंद्र डोक्यावर आला की भरती. संकष्टीला आजी ताटावर बसते तेव्हा ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडलेला असतो. हे सांगितल्यानंतर एका सहावीतल्या मुलीनं मला विचारलं होतं, 'म्हणजे आमच्या गच्चीतून चंद्र दिसला की मला समुद्र दिसल्यासारखाच ना?' तिचं घर डोंबिवलीला. त्या मुलीला पुढच्या महिन्यात किनाऱ्यावर नेलं तेव्हा मला नवीन काही शिकवावं लागलं नाही, तिनं आधी पाणी कुठवर आलं आहे ते बघितलं आणि मग घड्याळ.

अनंत चतुर्दशीचं विसर्जनही याच वेळेत अडकलेलं असतं. २०२५ साली गिरगावात एका मोठ्या मूर्तीचं विसर्जन भरतीमुळे कित्येक तास लांबलं. लाखो लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. मूर्ती किनाऱ्यावर पोचली तोवर पौर्णिमा उजाडली होती, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, दहावीचं पोरही आदल्या दिवशी अंदाज करू शकलं असतं. असे प्रसंग वर्गात आणा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी घोकले आहेत. पण जानेवारीत पहाटे खाडीवर उभं राहून जमिनीकडून पाण्याकडे जाणारा गार वारा पाठीवर घेतला, आणि दुपारी तोच वारा उलटा तोंडावर आला, की मुलांना ते शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

आता जागा. तुमचा समुद्र जुहूला आहे असं तुम्ही धरलं आहे, म्हणून बस, पैसे, परवानग्या हे सगळं डोंगराएवढं वाटतं. मुलुंड पूर्वेला मिठागरं आहेत आणि त्यापलीकडे ठाणे खाडी. खाडी म्हणजे समुद्रच, आत आलेला. तेच खारं पाणी, तीच भरती. इथल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातला दर्जा मिळाला. ऐरोली पुलापलीकडे कांदळवन, म्हणजे खारफुटी, जपणाऱ्या कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे खारफुटीतून जाणारी लाकडी वाट आहे, आणि फ्लेमिंगो बघायच्या बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात. मुलांनी तुमच्या हिशेबानं ती वेळ आधी काढावी आणि मग केंद्राच्या वेळापत्रकाशी ताडून बघावी. पहिल्या भेटीचा एवढा एकच उद्देश ठेवलात तरी पुरे.

फ्लेमिंगोंच्या मागे मात्र फार लागू नका. ते लांब असतात, ढगासारखे दिसतात, आणि दिसले नाहीत की मुलं हिरमुसतात. ओहोटीला चिखलाच्या कडेला बसा आणि निवटी बघा. बोटभर लांबीचा हा मासा पाण्याबाहेर, चिखलावर राहतो. डोळे डोक्याच्या वर, बटाट्याला फुटलेल्या कोंबांसारखे. छातीच्या परांवर रेलून तो कोपरं टेकल्यासारखा पुढे सरकतो आणि मध्येच उडी मारतो. ओल्या कातडीतून आणि तोंडात धरलेल्या पाण्याच्या घोटातून तो श्वास घेतो, म्हणून दर थोड्या वेळानं कुशीवर लोळून अंग ओलं करतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचे पर शिडासारखे उभारतात. वीस मिनिटं गप्प बसलं तर हे सगळं दिसतं. पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळ करतात, त्यानंतर कुणीतरी 'तो बघ' म्हणतं आणि पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला काही करावं लागत नाही. निवटीला बघताना बाजूची खारफुटीची मुळंही चिखलातून वर आलेली दिसतात, पेन्सिली रोवल्यासारखी. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मासा आणि झाड एकाच अडचणीवर वेगवेगळा उपाय शोधताहेत, हे मुलांना आपसूक कळतं. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. त्याचं फूल रात्री उमलतं, सकाळी लवकर गेलात तर खाली पडलेले पांढरे केसर सापडतील.

खडकाळ किनारा एकदा तरी दाखवा, पण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी हाजीअली, गिरगाव अशा ठिकाणी लोकांना ओहोटीत फिरवतात. मुंबईच्या पोटाशी प्रवाळ, समुद्रफुलं, ऑक्टोपस राहतात यावर लोकांचा विश्वास बसला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. कोस्टल रोडचं काम चालू असताना २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे जिवंत प्रवाळ काढून कुलाब्याकडे न्यावे लागले होते. ज्या रस्त्यावरून रोज गाड्या जातात त्याच्या बाजूला हे जीव होते, हे मी प्रत्येक गटाला सांगते. तिथेच पाण्याकडे तोंड करून उभं राहून सांगते, वर्गात सांगत नाही.

माझ्या पिशवीत एक रिकामा शिंपला कायम असतो. तिसरी नावाच्या समुद्री जिवाचा, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याला टोकाशी एक बारीक गोल भोक. मुलांना देते आणि विचारते, हे भोक कुणी पाडलं? बहुतेकांचं उत्तर असतं, माळेत ओवायला माणसानं. मग भिंग देते. भोकाची कड उतरती असते, बाहेर रुंद आणि आत अरुंद, सुताराच्या यंत्रानं करावी तशी. हे काम त्याच मून स्नेलचं. ती तिसरीला आपल्या पायात घट्ट गुंडाळते, शिंपल्यावर आम्ल सोडून तो भाग मऊ करते, दातेरी जिभेनं खरवडते, असं तासन्‌तास करत आरपार जाते आणि आतलं मांस खाते. हे कळल्यावर मुलं वाळूतले सगळे शिंपले उलटेपालटे करू लागतात. कुणाला अर्धवट सोडलेलं भोक सापडतं, कुणाला एकाच शिंपल्यावर दोन. 'हिला अर्ध्यावर कुणी हाकललं असेल?' असा प्रश्न आला की माझं त्या दिवसाचं काम झालं. त्यानंतर वाळूवरची कॉलर कुणीही कचरा म्हणून उचलत नाही.

मग महिन्यातून एकदा, त्याच ठिकाणी. वर्षातून एक लांबची सहल करण्यापेक्षा नऊ वेळा जवळ जाणं मला कधीही जास्त मोलाचं वाटतं. वही ठेवा. तारीख, तिथी, पाणी कुठल्या खुणेपर्यंत, वारा कुठून, आज दिसलेला एक जीव आणि मागच्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट. एवढंच लिहायचं, शुद्धलेखन तपासायचं नाही. डिसेंबरात चिखलावर काय होतं आणि एप्रिलमध्ये काय उरलं, हे मुलांच्या स्वतःच्या अक्षरात समोर आलं की त्याला वेगळ्या भाषणाची जोड लागत नाही.

शाकाहारी मुलांची काळजी तुम्हाला वाटते ती मलाही सुरुवातीला वाटायची. त्यांच्या ताटातही समुद्र रोज असतो. मीठ! तुमच्या शाळेजवळच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या उधाणाचं पाणी आत घेऊन, वाफ्यांत उन्हात आटवून मीठ पिकवलं गेलं. बशीत समुद्राचं पाणी घेऊन खिडकीत ठेवायला सांगा. चार-पाच दिवसांत कडेला मिठाचे चौकोनी स्फटिक दिसतील. उपासाच्या आणि सणाच्या पदार्थांत घालतात तो चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतो, आणि तमिळनाडूत रामेश्वरमच्या बाजूला बायका बुड्या मारून ते शेवाळ गोळा करतात. या गोष्टी त्या मुलांनी घरी जाऊन सांगितल्या की पालकांचा कान टवकारतो. कुणाला मासे खायला लावण्याचा हा उद्योग नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगून टाका.

ज्यांना चालेल त्यांना मासळी बाजारात न्या. गर्दीच्या वेळी नको, दुपारी बाजार उतरल्यावर. एकदा एका मुलानं कोळणीला विचारलं, 'मावशी, आज बोंबील एवढे कमी का?' तिनं हातातला कोयता न थांबवता सांगितलं, 'आज भांग हाय ना बाला, पाण्याला ओढ नाय. डोलीत मासा येनार कसा?' एका वाक्यात तिनं भरतीचा अख्खा धडा घेतला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढा मंद. डोल हे पिशवीसारखं, शेपटीकडे निमुळतं होणारं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून तोंड उघडं ठेवतात आणि पाण्याचा ओढाच मासळी आत लोटतो. ओढा नाही तर बोंबील नाही. त्या मावशीला आम्ही पुढच्या वर्षी शाळेत पाहुणी म्हणून बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि मुलांनी तिला तासभर प्रश्न विचारले. समुद्राचं ज्ञान असलेली माणसं आपल्या शहरातच राहतात, त्यांना फळ्याजवळ उभं करा. प्राध्यापकाला देता तोच मान द्या, आणि मानधनही.

बाजारात कंपासपेटीतली पट्टी घेऊन जायला सांगा. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या सागरी जिवांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलीमीटर आहे, पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीवर सहज मावतो. त्याहून लहान पापलेटनं एकदाही अंडी घातलेली नसतात. पट्टी लावून बघायची, पण विक्रेत्या बाईशी हुज्जत घालायची नाही, हे मुलांना बजावून सांगा. लहान मासळी कापली जाते तिला गिऱ्हाईक आहे म्हणून, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपली घरं. मुलं घरी जाऊन 'आई, टिकली पापलेट नको आणूस' म्हणाली तर त्याचा उपयोग जास्त.

नावांवर एक तास जरूर खर्च करा. मुंबईत जी चिंबोरी ती मालवणात कुर्ली. इथली सुरमई तिकडे इसवण. पापलेटला सरंगा म्हणणारी घरं आहेत. तुमच्या वर्गात रत्नागिरीचं, रायगडचं, सिंधुदुर्गाचं, कारवारचं मूळ असलेली मुलं असतीलच. आजीला फोन करून गावाकडची नावं लिहून आणायला सांगा. एका शाळेत अशी नव्वदच्या वर नावं जमली होती, त्यातली काही मीही पहिल्यांदाच ऐकली. ज्या जिवाला आपल्या भाषेत नाव आहे तो परका राहत नाही. म्हणून मी मुलांना शास्त्रीय नावं फार उशिरा सांगते.

आपलेपणा शब्दानं कसा जोडला जातो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण शेजारच्या गुजरातचं आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अजस्र पण निरुपद्रवी माशाची यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी मोठी शिकार व्हायची. तिथे त्याला 'बॅरल' म्हणत, कारण गळ लागलेला मासा थकेपर्यंत त्याला प्लास्टिकची पिंपं बांधून ठेवत. २००१ मध्ये कायद्यानं संरक्षण मिळालं, पण किनाऱ्यावर कायदा पोचायला वेळ लागतो. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियानं मोहीम सुरू केली आणि रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की हा मासा बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीसारखा आहे. 'व्हाली दीकरी', लाडकी लेक. जाळ्यात सापडलेला मासा सोडताना फाटणाऱ्या जाळ्याची भरपाई मिळण्याची सोयही झाली. त्याच मच्छीमारांनी पुढे शेकडो व्हेल शार्क स्वतःची जाळी कापून सोडले. नुसत्या शब्दानं झालं नसतं आणि नुसत्या पैशानंही नाही. महाराष्ट्रातही संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे मुलांना सांगा, कारण नुकसान कुणी सोसायचं हा प्रश्न त्यांनाही पडायला हवा.

आपल्याकडचं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि भाऊ काटदरे यांनी तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, मोदक-सोलकढी जेवतात आणि पहाटे पिल्लं पाण्याकडे जाताना बघतात. ज्या गावात अंडी चोरीला जात, तिथे आता घरटं सापडलं की आधी फोन फिरतात. जमलं तर एखाद्या वर्षी पालकांसह वेळासला जा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. नकाशावर ती वाट बोटानं काढायला सांगा, श्रीलंकेला वळसा घालून.

काय सांगू नका, तेही लिहिते. 'आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो' हे वाक्य भित्तीपत्रकांवर हमखास असतं. पृथ्वीवर तयार होणारा सुमारे निम्मा प्राणवायू समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात हे खरं, पण त्यातला बहुतेक सगळा समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू हवेत कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. चुकीच्या कारणासाठी जोडलेलं प्रेम मूल मोठं होऊन पुस्तक वाचेल तेव्हा सुटतं. त्यापेक्षा हे सांगा की माणसानं वाढवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे. मग ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आणि मे २०२१चं तौक्ते आठवायला लावा. मुलं तेव्हा लहान होती, पण पालकांना गच्चीवरचे उडालेले पत्रे आठवतात. तो धागा त्यांच्या घरातून निघतो. आणि भीती घालून सुरुवात करू नका. जे अजून पाहिलेलंच नाही ते मरतं आहे असं ऐकल्यावर मूल काय करणार?

सुरक्षेत मात्र तडजोड नको. खडकांवर एका मोठ्या माणसामागे बारा-पंधरा मुलांपेक्षा जास्त नकोत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा, 'अजून पाच मिनिटं' ऐकू नका. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल, चपला नकोत. हिरव्या शेवाळावर पाय नको. सुळक्याच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तर उचलू नये, आत जिवंत विषारी गोगलगाय असू शकते. गुडघाभर पाण्यात पाय घासत चालायला शिकवा, म्हणजे वाळूत दडलेलं पाखट, शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकून जातं. २०१३ मध्ये गिरगावात विसर्जनाच्या वेळी कितीतरी लोकांना पाखटाचा काटा लागला होता, तो पाय त्याच्यावर पडल्यामुळे. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे, म्हणजे ब्लू बॉटल नावाचे जीव, आले असतील तर हात लावायचा नाही, मेलेल्या ब्लू बॉटलच्या दोऱ्याही डसतात. जखम झाली तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं लगेच धुवा, आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं. आणि दगड उचलला तर तो जसा होता तसाच, तीच बाजू खाली ठेवून, हळू परत ठेवायचा. दगडाखालचे जीव उन्हात अर्ध्या तासात वाळतात.

पालकांना वेगळं व्याख्यान देऊ नका. चौथ्या-पाचव्या भेटीला रविवार निवडा आणि मुलांनी आपापल्या आई-बाबांना घेऊन यायचं. त्या दिवशी तुम्ही गप्प राहायचं, दाखवायचं काम मुलांचं. माझ्या अनुभवात बाबा लोक पहिली दहा मिनिटं फोनवर असतात आणि मग निवटीची उडी मुलाआधी त्यांनाच दिसते.

उपक्रम रुजला की नाही हे कसं ओळखायचं, असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून सांगते. मी चाचणी घेत नाही, वह्या वाचते. पहिल्या भेटीच्या पानावर सगळीकडे 'खूप मजा आली' असतं. मागच्या मार्चमध्ये एका सातवीतल्या मुलाच्या आठव्या पानावर हे होतं: 'वद्य तृतीया. पाणी पिवळ्या खांबाच्या खाली. वारा नाही. आपला मोठा दगड कोणीतरी उलटा करून ठेवला होता. बाईंना न सांगता मी आणि ओंकारने तो सरळ केला. खालची कालवं मेली होती, समुद्रफूल जिवंत आहे. पुढच्या वेळी बघायचं.' तुमच्या शाळेची सकाळची वेळ असेल तर ऑक्टोबरातल्या संकष्टीला पहिल्या दोन तासिका मोकळ्या ठेवा. सकाळी नऊच्या ओहोटीला पोचायला मुलुंडहून साडेसातला निघालं तरी चालतं.